समुद्री पक्ष्यांचं मॉनिटरिंग शिकायचंय आणि राहता नागपुरात? मग इथून सुरुवात करा

नागपुरात राहून समुद्री पक्षी मोजायला शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की बाप्पा, रात्रभर रेल्वेत बसल्याशिवाय इथून समुद्र दिसत नाही, मग शिकायचं कुठे? तर या कामाला समुद्र नंतर लागतो. आधी लागतं एखादं बेट, त्यावर जमिनीवरच अंडी घालणारा पक्षी, आणि दर आठवड्याला न कंटाळता तिथे जाणारा माणूस. पहिल्या दोन गोष्टी विदर्भात भरपूर आहेत. उन्हाळ्यात धरणांचं पाणी उतरलं की मधली बेटं उघडी पडतात, वैनगंगेसारख्या नदीत रेतीचे पट्टे वर येतात, आणि अशा जागी नदी सुरय, टिटवी, स्मॉल प्रॅटिनकोल हे पक्षी सरळ उघड्या जमिनीवर अंडी टाकतात. सुरय म्हणजे टर्न. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर हजारोंनी दिसणारा सूटी टर्न हा आपल्या नदी सुरयाचाच भाऊबंद, त्यामुळे इथे हात बसला की तिथे फक्त खारं पाणी आणि गर्दी वाढते.

हा लेख पक्षी ओळखता येतात पण घरटी कधी फॉलो केली नाहीत अशांसाठी आहे. पक्षी ओळखताच येत नसतील तर आधी एक हिवाळा अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, पारडगाव असं फिरा, जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते (१९८७ पासून चालू आहे) तिच्यात एखाद्या टीमसोबत जा, मग इकडे या.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा

नवीन माणूस बेटावर जातो, पाचशे पक्षी बघतो आणि खूश होऊन लिहितो की कॉलनी, म्हणजे पक्ष्यांची एकत्र घरट्यांची वसाहत, मस्त चालू आहे. हे चुकीचं आहे आणि का चुकीचं आहे हे समजलं की बाकी सगळं काम आपोआप समजतं.

समुद्री पक्षी लय जगतात आणि पिल्लं फार कमी काढतात. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरची विज्डम नावाची लेसन अल्बाट्रॉस (मोठा समुद्री पक्षी) मादी, तिच्या पायात १९५६ मध्ये वाळा, म्हणजे ओळखीची नंबरवाली रिंग, घातला होता, तेव्हाच ती वयात आलेली होती, आणि २०२४ च्या शेवटीसुद्धा तिने अंडं घातलं. सूटी टर्न एका वेळी एकच अंडं घालतो. आता असा पक्षी असेल तर समजा सलग सहा-सात वर्षं कॉलनीत एकही पिल्लू वाचलं नाही, तरी मोठे पक्षी दरवर्षी येतच राहणार, तुमची गणना छानच दिसणार, आणि मग एक दिवस म्हातारे मरायला लागले की आकडा धाडकन खाली. तोपर्यंत करायचं काही उरलेलं नसतं.

हे खरंच झालेलं आहे. स्कॉटलंडच्या वर शेटलंड बेटं आहेत, तिथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्क्टिक टर्नची पिल्लं वर्षामागून वर्षं जवळपास सगळी मेली, कारण ज्या सँडईल नावाच्या बारीक मासोळीवर ते जगतात तीच तिथल्या समुद्रात आटली होती. मोठे पक्षी हजर होते, अंडी होती, पण उडणारं पिल्लू नाही. ज्यांनी घरटी फॉलो केली त्यांना हे त्याच वर्षी समजलं. नुसते पक्षी मोजणाऱ्याला ते समजायला बरीच वर्षं गेली असती.

म्हणून दोन वेगळे आकडे लागतात. एक, किती जोड्यांनी घरटी केली. दोन, दर घरट्यामागे किती पिल्लं उडाली. दुसऱ्याला विणीचं यश म्हणतात आणि माझ्या मते नवीन माणसाने मेहनत दुसऱ्यावरच जास्त घालावी. शंभर घरट्यांची कॉलनी पूर्ण मोजून सोडून देण्यापेक्षा वीस घरटी शेवटपर्यंत बघितली तर हाती जास्त लागतं.

परवानगी, आणि हे पहिलंच काम आहे

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचा एकदा. जंगली पक्ष्यांची अंडी फोडणंच नाही, अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं सुद्धा त्यात बसते. म्हणजे तुम्ही कितीही चांगल्या मनाने गेलात तरी परवानगीशिवाय घरट्यांमधून फिरलात तर कायद्याच्या नजरेत ते शिकारीच्या खात्यात जाऊ शकते. म्हणून वनविभागाकडे लेखी अर्ज, त्यात जागा, महिने, किती माणसं, काय करणार आणि काय करणार नाही हे स्पष्ट. काठावरून स्कोपने (ट्रायपॉडवर लावायची, लांबचं बघायची दुर्बीण) बघणार असाल तर तेही लिहा, अर्ज सोपा होतो. धरणाची जागा असेल तर जलसंपदा विभागाला कळवावं लागते. पेंचसारखा व्याघ्र प्रकल्पाचा जलाशय असेल तर नियम आणखी कडक आहेत, शिकण्यासाठी तिथून सुरुवात करूच नका.

पायात वाळे घालणं हा तर वेगळाच विषय आहे, त्याला वेगळी परवानगी आणि ट्रेनिंग लागते, आपल्या देशात हे काम मुख्यतः बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माध्यमातून होते. नवीन माणसाने त्याचा विचारही करू नये. ड्रोनचं पण तेच. नागपूरच्या आजूबाजूला विमानतळ, एअरफोर्स असल्यामुळे बराचसा भाग ड्रोनला बंदच आहे, आणि टर्नची कॉलनी ड्रोन बघून सगळीच्या सगळी उठते ते वेगळंच.

कागदाच्या परवानगीनंतर खरी परवानगी घ्यायची ती मच्छीमार संस्थेच्या लोकांकडून. तलावावर रोज असतात ते ढीवर, भोई बांधव. कोणत्या बेटावर पक्षी बसून राहिले, कुत्री कुठून पोहत जातात, कोणत्या तारखेला पाणी सोडतात, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या डोंग्यातून जा, भाडं द्या, काकांना सोबत बसवून विचारा की मागच्या वर्षी पक्षी कुठे होते. आणि जे ते सांगतील ते वहीत तारीख टाकून लिहा, कारण तो पण डेटाच आहे.

सामान

८×४२ ची दुर्बीण, जमलं तर ग्रुपमध्ये मिळून एक स्पॉटिंग स्कोप आणि ट्रायपॉड. हातात धरून टकटक करायचं काउंटर, दीडशे-दोनशे रुपयांत भेटते. वही आणि पेन्सिल, पेन नाही, कारण घामाने आणि पाण्याने शाई पसरते. फोन आहेच, पण एप्रिलच्या उन्हात फोन तापून बंद पडतो म्हणून फोनच्या भरवशावर राहू नका. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येत असलं तरी. डोक्यावर जाड टोपी आणि वरून दुपट्टा, उन्हासाठी तर लागतेच पण सुरय डोक्यावर चोच मारतो त्यासाठी पण. पाणी माणशी तीन-चार लिटर, ओआरएस. कपडे मातकट रंगाचे. परफ्यूम, बडबड आणि ब्लूटूथ स्पीकर घरी.

कधी जायचं

चुकीच्या महिन्यात गेलात तर बेट रिकामं दिसेल आणि तुम्ही लिहाल ‘इथे घरटी करत नाहीत’. ए. ओ. ह्यूम, तेच काँग्रेसवाले ह्यूम, ते मोठे पक्षीतज्ज्ञ पण होते. १८७५ च्या सुरुवातीला ते कोकणातल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर गेले होते, तेव्हा टर्नची वीण चालू नव्हती, जुन्या हंगामाच्या खुणा तेवढ्या मिळाल्या. पुढे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी त्याच जागेवरच्या टर्नबद्दल आणि तिथल्या गुहेतल्या पाकोळ्यांबद्दल १९४० च्या दशकात लिहून ठेवलं. सांगायचं काय तर ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, आणि तो फरक फक्त तारखेमुळे कळतो.

आपल्याकडे नदी सुरयाचा हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी पहिली चक्कर, बेट उघडं पडलं का ते बघायला. जोड्या दिसायला लागल्या, नर मादीला मासोळी भरवून राहिला, पक्षी रेतीत छाती घासून खळगा करून राहिले, की समजा आठवडाभरात अंडी. शहरातले बगळे, पाणकावळे, रातबगळे यांच्या झाडावरच्या वसाहती मात्र पावसाळ्यात सुरू होतात, त्या प्रॅक्टिससाठी फार चांगल्या, कारण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, चहा पीत, कोणालाही त्रास न देता घरटी फॉलो करता येतात. खरं सांगू तर ज्याला बेटाची घाई नाही त्याने पहिला हंगाम तिथेच काढावा.

दिवसातली वेळ. हे नागपूरवाल्यांनी जास्त सिरियसली घ्यायचं आहे. बेटावर पाय ठेवायचा तो सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासा-दीड तासात आणि बाहेर पडायचं. आपल्याकडे मे मध्ये ४५ डिग्री म्हणजे सावलीतली हवा, उघडी रेती त्यापेक्षा किती तरी जास्त तापते. पक्षी अंड्यावर बसतो तो दरवेळी ऊब द्यायलाच बसतो असं नाही, आपल्या उन्हाळ्यात तो सावली द्यायला बसतो. टिटवी आणि सुरय पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी ओली करतात, स्कोपमधून बघा, दिसते. आता तुम्ही दहा वाजता जाऊन त्याला उठवलंत आणि फोटो काढत बसलात तर अंडं आत शिजते. त्या घरट्याचं पुढे ‘अयशस्वी’ लिहिताना कारणात स्वतःचं नाव लिहावं लागेल. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर बेटावर उतरूच नका, काठावरून बघा.

पहिली चक्कर: नकाशा

घाईने मोजायला लागू नका. काठावर किंवा डोंग्यात, दीड-दोनशे मीटर लांब बसा आणि अर्धा तास नुसतं बघा. वहीत बेटाचा हाताने नकाशा काढा, खडक, झुडूप, ओंडका, पाण्याची कड. उभं राहायची जागा ठरवा आणि ती जीपीएसवर नोंदवा, कारण पुढच्या प्रत्येक वेळी, पुढच्या वर्षी सुद्धा, तिथूनच बघायचं आहे. सूर्य पाठीमागे असेल अशी जागा घ्या. बेट मोठं असेल तर त्याचे भाग पाडा, अ, ब, क, आणि त्यातले कोणते भाग फॉलो करायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्यांचा हात आपोआप जिथे गर्दी जास्त आहे, जिथे फोटो चांगला येतो, त्या मधल्या भागाकडे जातो. पण कॉलनीच्या मधली घरटी बहुतेक वेळा जास्त वाचतात, कडेची कावळा, कुत्रा, पाणी यांच्या तोंडी जातात. फक्त मधली बघितली तर तुमचं यश फुगलेलं येणार.

जोड्या मोजणं

काय मोजतोय ते आधी ठरवा. डोकी नाही मोजायची, ‘घरटं धरून बसलेला पक्षी’ मोजायचा. म्हणजे एकाच जागी बसलेला, उठला तरी तिथेच परत येणारा, किंवा समोर अंडी-पिल्लं दिसणारी जागा. नुसता उभा राहून पिसं साफ करणारा पक्षी यात नाही. जगभरात उघड्यावर घरटं करणाऱ्या समुद्री पक्ष्यांच्या गणनेत बहुतेक हेच युनिट वापरतात, ब्रिटन-आयर्लंडमध्ये १९८६ पासून जो समुद्री पक्षी निरीक्षण कार्यक्रम चालू आहे त्यातही जातीप्रमाणे युनिट ठरलेलं असते. कड्यावर खेटून बसणाऱ्या पक्ष्यांचं घरटंच नसते म्हणून तिथे डोकी मोजतात, बिळात घरटं करणाऱ्या पेट्रेल या समुद्री पक्ष्याचं वापरात असलेलं बीळ मोजतात, तेही आत आवाज वाजवून उत्तर येते का बघून.

मोजताना दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि संपेपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. हे ऐकायला बालिश वाटते पण एकाने २४० म्हटलं की दुसऱ्याचे १९८ आपोआप २३० होतात, माणसाचा स्वभावच आहे. तीनदा मोजा. समजा २१२, १९८, २४० आले, तर सरासरी २१७ लिहा पण तिन्ही मूळ आकडे पण ठेवा, कारण त्यांच्यातला फरक हीच तुमच्या गणनेची खरी किंमत आहे.

कधी कधी बेटावर गवत असते, घरटी दिसतच नाहीत. तेव्हा टर्नसाठी एक जुगाड आहे, कॉलनी उठली की हवेतले पक्षी मोजायचे आणि तीन पक्ष्यांमागे दोन जोड्या धरायच्या. ३०० उडाले तर अंदाजे २०० जोड्या. पण मुद्दाम उठवायचं नाही, घार आली, डोंगा गेला, ते स्वतःच उठतात तेव्हा मोजा. आणि हा हिशोब टर्नचा आहे, बगळ्याला लावू नका.

पिट्टीसारख्या बेटावर, जिथे एक-दीड हात अंतरावर घरटं आहे, सगळं मोजायला गेलात तर दिवसभर कॉलनी हवेत राहील. तिथे चौकोन टाकतात. समजा ५ बाय ५ मीटरचे २० चौकोन, म्हणजे ५०० चौरस मीटर, त्यात मिळून ९० घरटी निघाली, कॉलनीचा पूर्ण पसारा ४,००० चौरस मीटर, तर अंदाज ७२० घरटी. चौकोन कुठे पडणार ते घरी बसून नकाशावर ठरवा, बेटावर गेल्यावर नाही.

घरटी फॉलो करणं, म्हणजे खरं काम

प्रत्येक घरट्याला नंबर. झाडावरची वसाहत असेल तर एक मोठा फोटो काढा, प्रिंट घ्या आणि प्रिंटवरच घरट्यांना नंबर द्या, पूर्ण हंगाम तोच फोटो. जमिनीवरच्या घरट्यांना नंबर लिहिलेला चपटा गोटा किंवा आइस्क्रीमची काडी, घरट्यापासून एक-दीड मीटरवर, आणि सगळीकडे एकाच दिशेला, म्हणजे उत्तरेला म्हटलं तर उत्तरेलाच. रंगीत झेंड्या लावू नका. कावळा काही आपल्यापेक्षा कमी हुशार नाही, दोन झेंड्यांखाली अंडी सापडली की तो तिसरी झेंडी शोधत येतो. आणि फक्त फोनच्या जीपीएसवर विसंबू नका, तो चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, तेवढ्यात गजबजलेल्या कॉलनीत पाच घरटी बसतात.

चक्कर दर चार ते सात दिवसांनी. जितकं काठावरून स्कोपने होईल तितकं तिथूनच करा. बेटावर उतरावंच लागलं तर पंधरा-वीस मिनिटं, त्यात जेवढं होईल तेवढं, उरलेलं पुढच्या वेळी. एकाच्या मागे एक चाला, पुढच्याने फक्त जमीन बघायची, लिहायचं काम मागच्याचं. सुरयाचं पिल्लू अंड्यातून निघून दोन-तीन दिवसांत घरटं सोडून इकडे-तिकडे जाते आणि धोका वाटला की रेतीवर चपटं होऊन पडते, दगडच वाटते, त्यामुळे पाय टाकायच्या आधी प्रत्येक पाऊल बघा. घरट्यापाशी जाऊन तिथूनच मागे फिरू नका, सरळ पुढे निघून जा, म्हणजे कुत्रा-मुंगूस वासावर आला तरी तुमची वाट घरट्यावर संपत नाही. पाऊस, वादळी हवा, वर घार किंवा कावळे घिरट्या घालत असतील तर त्या दिवशी उतरायचं नाही, विषय संपला.

दरवेळी प्रत्येक नंबरसमोर लिहायचं: किती अंडी, किती पिल्लं, पिल्लू केवढं (ओली पिसं, लव, पंखाची पिसं फुटली, पूर्ण पिसं), पक्षी बसलेला होता का. काहीच बदललं नाही तरी लिहायचं. रिकामी जागा सोडली की घरी गेल्यावर आठवत नाही की तेव्हा बघितलं नव्हतं की बघून काही नव्हतं.

अंडं किती दिवसांचं आहे ते पाण्यात सोडून कळते. ताजं अंडं तळाशी आडवं पडते, जुनं होत जाते तसं एका टोकावर उभं राहते आणि शेवटी तरंगते, घरी कोंबडीचं अंडं ताजं आहे का बघतो तसंच. पण ज्याच्या परवानगीत अंडी हाताळणं लिहिलेलं आहे आणि ज्याला कोणी शिकवलं आहे त्यानेच हे करावं. तुम्ही नवीन आहात, तुम्ही हात लावायचा नाही.

घरट्याचं काय झालं, हे ठरवणं

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. घरटं रिकामं दिसलं म्हणजे पिल्लं निघाली असं समजायचं नाही. पुरावा शोधा. खळग्यात कवचाचे बारीक-बारीक तुकडे आणि आजूबाजूला पिल्लाची विष्ठा, म्हणजे बहुतेक पिल्लू निघालं. कवचाचा मोठा तुकडा, त्यावर बलक वाळलेला, म्हणजे कोणीतरी खाल्लं. रेतीत पंजाचे ठसे असतील तर फोटो, बाजूला पेन्सिल ठेवून, म्हणजे माप कळते. पूर्ण भाग ओला, गाळ बसलेला, म्हणजे पाणी चढलं. धरणातून अचानक सोडलेलं पाणी नदीतल्या सुरयांच्या घरट्यांचा मोठा शत्रू आहे, नदी सुरय आज जागतिक यादीत असुरक्षित गटात आहे त्यामागे हे पण एक कारण, शिवाय रेतीचा उपसा आणि मोकाट कुत्री. गुरांच्या खुरांखाली पण जातात. पाणी कमी झालं की बेटाला वाट पडते आणि गुरं चरायला येतात, हे आपल्याकडे हमखास.

आणि काहीच पुरावा नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. नवीन लोकांना हे लिहायची लाज वाटते, मग ते अंदाजाने एक कारण टाकतात आणि बहुतेक वेळा ते कारण कुत्रा असते. दहापैकी चार घरट्यांसमोर ‘माहीत नाही’ असलेली वही मला जास्त खरी वाटते.

पिल्लू ‘उडालं’ कधी म्हणायचं याचा नियम हंगामाच्या आधीच लिहून ठेवा. पिल्लू उडताना प्रत्येक वेळी दिसत नाही. म्हणून असं ठरवतात की पूर्ण पिसं आलेलं, वयाने उडण्याजोगं झालेलं पिल्लू शेवटच्या चकरेत जिवंत दिसलं आणि पुढच्या वेळी मेलेलं सापडलं नाही, तर ते उडालं धरायचं. नियम कोणताही असू द्या, हंगाम संपल्यावर आकडा कमी आला म्हणून बदलायचा नाही.

हिशोब

पहिला सोपा. ६० घरटी फॉलो केली, ४२ पिल्लं उडाली, तर ४२ भागिले ६०, म्हणजे ०.७ पिल्लू दर घरट्यामागे. भागायचं ते घरट्यांनी, अंड्यांनी नाही. ज्या घरट्यात काहीच झालं नाही ती पण त्या ६० मध्ये आहेत, ती काढून टाकायची नाहीत.

दुसरा थोडा डोकं लावायचा. घरटी आपल्याला पहिल्या दिवशीच सापडत नाहीत. जे घरटं दुसऱ्याच दिवशी कावळ्याने खाल्लं ते तुम्हाला कधी दिसलंच नाही, जे टिकलं तेच तुमच्या वहीत आलं, म्हणजे यादीच मुळात टिकणाऱ्यांची. हॅरॉल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये यावर उपाय सांगितला, की घरटी मोजण्याऐवजी घरट्याचे दिवस मोजा. समजा १२ घरटी बघितली, प्रत्येक किती दिवस तुमच्या नजरेखाली होतं ते बेरीज करून १५० दिवस झाले आणि त्यात ३ घरटी गेली. तर रोजचा धोका ३ भागिले १५०, म्हणजे ०.०२, आणि एक दिवस टिकायची शक्यता ०.९८. अंडी उबवायचा काळ २० दिवस धरला तर ०.९८ चा विसावा घात, येते साधारण ०.६७. म्हणजे ६७ टक्के. साधा हिशोब केला असता तर १२ पैकी ९, म्हणजे ७५ टक्के दिसले असते. हा आठ टक्क्यांचा फरक म्हणजे तुम्हाला न दिसलेली घरटी. कॅल्क्युलेटरवर होते, सॉफ्टवेअर नंतर शिका.

एक्सेल भरताना एका ओळीत एक घरटं, एक चक्कर. कोण गेलं, किती वाजता ते किती वाजेपर्यंत, हवा कशी, कुठून बघितलं. मोजणीला लागलेला वेळ लिहिलाच पाहिजे, नाहीतर यावर्षी तीन तास आणि पुढच्या वर्षी चाळीस मिनिटं बसून ‘पक्षी कमी झाले’ असा निष्कर्ष निघतो. त्याच दिवशी संध्याकाळी भरा आणि वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. आणि घरट्यांची नेमकी जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे दहा कॅमेरे उभे असतात.

मग समुद्र

एक-दोन हंगाम असे झाले की समुद्राकडे बघा. मधे एकदा कर्नाटकातल्या भद्रा जलाशयाची बेटं बघून या, नदी सुरयांची फार मोठी वसाहत आहे, मोठ्या कॉलनीचा आवाज आणि गोंधळ काय असतो ते समजते. पिट्टी हे कवरत्तीच्या जवळचं छोटंसं रेतीचं बेट, झाड नाही की सावली नाही, आता समुद्री पक्ष्यांसाठी राखीव आहे. लक्षद्वीपला जायलाच प्रवेश परवाना लागतो आणि राखीव बेटावर उतरायला वेगळी परवानगी, त्यामुळे एकट्याने ठरवून होत नाही, एखाद्या संशोधन टीममध्ये मदतनीस म्हणून जाणं हाच रस्ता. तिथे विचारतील की काय येते, तेव्हा दोन हंगामांची घरट्यांची वही दाखवा, पक्ष्यांच्या फोटोंचा अल्बम नाही.

तिथे एक गोष्ट जास्तीची शिकावी लागते, ती म्हणजे सामान तपासणं. दूरच्या बेटांवरच्या पक्ष्यांना जमिनीवरून चालत येणारा शत्रू माहीतच नसतो. दक्षिण अटलांटिकमध्ये गॉफ बेट आहे, एकोणिसाव्या शतकात जहाजांतून तिथे साधे घरातले उंदीर पोहोचले आणि आज ते अल्बाट्रॉसची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. २०२१ मध्ये मोठी मोहीम काढली, पण तरी उंदीर पुन्हा दिसले. दुसरीकडे साउथ जॉर्जिया बेट २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, म्हणजे होऊ शकते, पण खर्च आणि वर्षं किती गेली ते विचारू नका. म्हणून बोटीत चढायच्या आधी बॅग पूर्ण रिकामी करून झटकायची, बुटाच्या तळाची माती ब्रशने काढून धुवायची, वेल्क्रोत अडकलेल्या कुसळ्या चिमट्याने काढायच्या, खाण्याचं सामान बंद डब्यात, कार्टनचे खोके नाहीत कारण त्यात मुंग्या आणि झुरळं जातात. २०२१-२२ पासून बर्ड फ्लूने युरोपात गॅनेट आणि ग्रेट स्कुआ हे समुद्री पक्षी प्रचंड मेले, त्यामुळे मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, संख्या आणि जात लिहा, लांबून फोटो घ्या, टीम लीडरला सांगा. एका कॉलनीतून दुसरीत जाताना बूट पुन्हा धुवायचे. आपल्या तलावांवर पण हे आत्तापासून करा, सवय लागते.

वेंगुर्ल्याच्या खडकांकडे पावसाच्या तोंडावर बोट मिळणंच अवघड, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि समुद्र तसाही उभं राहू देत नाही. परतीचं रेल्वेचं रिझर्व्हेशन बोटीच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका, मधे निदान दोन दिवस मोकळे ठेवा, आणि जाण्याआधी अधिकाऱ्यांकडून परवानगीची सहीशिक्क्याची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून घ्या, जेट्टीवर मोबाईलमधला फोटो चालेलच असं नाही.